पान्याचा खटका

हमदुल्ला मुकादमने स्पेन कधी पाहिला नाही, पण स्पेनची माती त्याने सोळा वर्षं धुतली. दुबईत, अल कूझमधल्या एका सायकलच्या दुकानात तो मेकॅनिक. गोरे साहेब, अरब पोरं, आपले आयटीवाले, सगळे आपापल्या महागड्या सायकली खोक्यात घालून तिकडे पळायचे, आणि परत आले की त्या सायकली ह्याच्यापुढे उभ्या. चेनमध्ये गव्हाची कुसळं, चाकांना तांबडी माती. "आमच्या खेडच्या मातीची लांबची बहीण शोभेल," असं तो म्हणायचा आणि पाण्याचा पाइप सोडायचा.

माणूस आता अठ्ठावन्नचा. दमलाय, हे सरळच सांगून टाकतो. सकाळी देऱ्यातल्या घरून मेट्रो, मग बस, मग दहा तास उभ्याने काम, रात्री तेच उलट. दमणं कोणाला चुकलंय म्हणा. पण ह्याने एक गोष्ट लपवली होती, आणि कामापेक्षा त्या लपवण्यानेच तो जास्त दमला होता. त्याला ऐकू येईनासं झालं होतं.

हवेच्या कॉम्प्रेसरशेजारी इतकी वर्षं काढल्यावर कान काय लोखंडाचे राहणार? आधी बारीक आवाज गेले. फोनची घंटी गेली, बायकोच्या, शहनाझच्या, बांगड्या गेल्या. मग माणसांचं बोलणं पुसट झालं. गिऱ्हाईक काही बोललं की हा त्याच्या तोंडाकडे बघायचा, हसायचा आणि मान हलवायचा. "हां हां, हो जाएगा, खलास." दिवसभर खोटी मान हलवून माणसाची मान खरीच दुखते.

लपवायचं कारण होतं टॉर्क पाना. कार्बनच्या सायकलीचा बोल्ट मनाला येईल तसा आवळून चालत नाही. ठरलेला जोर झाला की हा पाना 'टक्' असा खटका देतो. तिथे थांबायचं. पुढे गेलात की कार्बन आतून तडकतो, आणि वरून काही दिसत नाही. ज्याला टक् ऐकू येत नाही, त्याला दुरुस्तीच्या टेबलापाशी कोण उभं करील? मॅनेजर शैलेंद्र पुण्याचा, माणूस वाईट नाही, पण नियम म्हणजे नियम. आणि हमदुल्लाला फक्त दोन वर्षं काढायची होती. मग गाव, ताठ मानेने, मेकॅनिक म्हणून. खटका आता हाताला कळतो, असं त्याने स्वतःला पटवून ठेवलं होतं. बरेचदा कळायचाही, नाही असं नाही.

आता ॲम्ब्रोज. ॲम्ब्रोज तुस्कानो वसईचा, इथल्या एका हॉटेलात लाँड्री सांभाळतो. चौदा वर्षांपूर्वी दोघांनी एकाच दिवशी जुन्या सायकली घेतल्या, तेव्हापासूनची दोस्ती. सुट्टीच्या दिवशी पहाटे वाळवंटातल्या ट्रॅकवर दोघं जोडीने जायचे. हमदुल्लाचे गुडघे गेले तसा ॲम्ब्रोज एकटा पडला, पण तोंड काही बंद पडलं नाही त्याचं. दोन वर्षं त्याने एकच धोशा लावला होता: "हमदू, मरायच्या आधी एकदा स्पेन. झमोराहून निघायचं, सालामांका, आविला, आणि शेवटी डोंगर चढून सात वळणांच्या उताराने सेगोवियात!" "जा की बाबा," हमदुल्ला म्हणायचा, "तुझं बोलणं ऐकून मीच तिथे जाऊन आल्यासारखा दमलोय."

मे महिन्यात जायचं अखेर ठरलं. ॲम्ब्रोजची पाठ धरायची, म्हणून हमदुल्लाने त्याच्या सायकलला जरा उंच असं नवं कार्बनचं हँडल बसवलं. त्या दुपारी कॉम्प्रेसर चालू होता. चार बोल्ट. तीन झाले. चौथ्याला खटका हाताला लागलाच नाही, म्हणून त्याने अजून थोडं फिरवलं, अजून थोडं. मग हाताला एक बारीकसा हिसका बसला. तो क्षणभर थांबला. झालं, हाच खटका, असं म्हणून त्याने पाना खाली ठेवला. मग ते बोल्ट न सोडवता हँडल पकडीसकट आख्खंच उपसून खोक्यात घातलं, आणि ॲम्ब्रोजने तिकडे जाऊन ते जसंच्या तसं सायकलवर चढवलं.

स्पेनहून रोज आवाजी निरोप यायचे. हमदुल्ला आणि शहनाझ, दोघांना घेऊन ॲम्ब्रोजने एक ग्रुप केला होता. शहनाझ घरी स्वयंपाक करता करता ऐकायची आणि हसायची. "नुसता गहू रे हमदू, नजर पोचेल तिथवर, सावलीला एक झाड नाही!" "दुपारी दोनला गावात शिरलो तर सगळी शटरं खाली, चिटपाखरू नाही. पाणी मागू कोणाला? चर्चच्या मनोऱ्यावर एक करकोचा तेवढा जागा." "आविलाचा कोट बघायला हवा होतास, गावाभोवती आख्खा उभा आहे अजून!"

हमदुल्ला फोन कानाशी धरायचा, सेकंदांचा आकडा बघून निरोप संपला की खाली ठेवायचा, आणि अंगठा पाठवायचा. कधी 'माशाल्ला'. शहनाझला वाटायचं, नवऱ्याला जरा कमी ऐकू येतं. किती कमी, हे त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

पाचव्या संध्याकाळी चाळीस सेकंदांचा निरोप आला. हमदुल्लाने नेहमीसारखा अंगठा दिला आणि खाली लिहिलं, 'बिनधास्त जा. इन्शाल्ला.'

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला तो दुकानात टेबलापाशी होता. फोन उजळला. शहनाझने दोनदा फोन करून शेवटी लिहिलं होतं: 'अहो, कालचं मी आत्ता ऐकलं. ॲम्ब्रोजभाई विचारतायत, हँडल करकरतंय, खड्ड्यात जास्तच, उद्या सात वळणांचा उतार आहे, चालेल ना? आणि तुम्ही बिनधास्त जा म्हणून लिहिलंत?'

त्याच्या हातातून पाना सुटला. तो हिसका. त्या हाताला तो हिसका आठवला. या अल्ला, तो खटका नव्हताच. स्पेनमध्ये अकरा वाजले असतील. चढ संपला असेल. त्या उतारावर हँडल हातात आलं तर ॲम्ब्रोज उरत नाही, एवढं कळायला मेकॅनिक असायची गरज नव्हती.

त्याने फोन लावला. ॲम्ब्रोजचा फोन हँडलवरच असायचा, नकाशासाठी. पडद्यावर सेकंद धावू लागले: एक, दोन, तीन. उचलला होता! "थांब! ॲम्ब्रोज, थांब, उतर खाली!" हमदुल्ला ओरडला. सात, आठ, नऊ. तिकडून काय येतंय, येतंय की नाही, काही कळेना. थांबला? हसतोय? उतरायला लागला? कानाशी फोन दाबून दाबून कान लाल झाला, पण आत नुसती भिंत.

समोर काउंटरवर शैलेंद्र दोन गिऱ्हाइकांशी बोलत होता. हमदुल्ला मधे घुसला आणि फोन त्याच्या हातात कोंबला.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही, त्यामुळे हे सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. "मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही, शैलेंद्रसाहेब. तो काय म्हणतोय ते सांगा. त्याला थांबवा. त्याचं हँडल मी तडकवलंय."

शैलेंद्रने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि फोन कानाला लावला. हमदुल्ला त्याच्या ओठांवर डोळे लावून उभा राहिला. शैलेंद्र ओरडत होता, परत ओरडत होता. मग त्याने कागद ओढून घेतला आणि लिहिलं: 'वारा फार आहे. त्याला ऐकू येत नाही म्हणतोय. उतार सुरू केलाय.'

हमदुल्ला खाली फरशीवर बसला. वर शैलेंद्रचं तोंड हलत होतं, गिऱ्हाइकांची तोंडं हलत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग शैलेंद्रने वाकून कागद त्याच्या डोळ्यांपुढे धरला. 'थांबला. पहिल्याच वळणावर आडोशाला ऐकू आलं. सायकल हातात धरून चालत उतरतोय.'

त्यावर हमदुल्ला रडला, सगळ्यांसमोर, आणि मुळीच लाजला नाही.

दुसऱ्या दिवशी शैलेंद्रने त्याला समोर बसवलं, हळूहळू, तोंड स्पष्ट उघडून सांगितलं. "हमदुल्लाभाई, टेबल आता मी तुम्हाला देऊ शकत नाही. धुलाईला बसा. कान दाखवून या." हमदुल्लाने वाद घातला नाही. सोळा वर्षांचा पाना त्याने पुसून दुसऱ्याच्या खणात ठेवला. वाईट वाटलं, फार वाटलं, पण एक ओझंही उतरलं होतं.

चार दिवसांनी ॲम्ब्रोज सायकल घेऊन धुलाईच्या जागी आला. तांबड्या मातीने माखलेली. काढलेलं हँडल त्याने स्टुलावर ठेवलं. पकडीच्या जागी केसाएवढी चीर होती. हमदुल्लाने त्यावरून नख फिरवलं, ते अडकलं.

"माफ कर मला," तो म्हणाला.

ॲम्ब्रोज काहीतरी बोलला. हमदुल्लाने सवयीने मान हलवली.

ॲम्ब्रोजने त्याची हनुवटीच धरली. "मान हलवू नकोस! काय म्हणालो मी, सांग."

"नाही कळलं."

"म्हणालो, हँडल गेलं खड्ड्यात. सेगोवियात सायकलवरून शिरायचं राहिलं, तेही जाऊ दे. माझे निरोप. पाच दिवस बोलत होतो. किती ऐकलेस?"

हमदुल्लाने खाली बघितलं. "एकही नाही."

ॲम्ब्रोजने त्याची हनुवटी परत वर केली. "तू येऊ शकत नव्हतास, म्हणून तुझ्यासाठी बोलत होतो रे," तो म्हणाला. "वाऱ्यात तोंड फाडून. गाढवासारखा."

मग त्याने पाण्याचा नळ बंद केला, बादली उलटी केली आणि हमदुल्लाच्या अगदी तोंडासमोर बसला. "इकडे बघ. पहिल्यापासून सांगतो. झमोरा स्टेशन. खोकं उघडलं, तर आजूबाजूला म्हातारे जमले," तो एकेक शब्द सुटा करून बोलू लागला. "त्यातला एक..."

हमदुल्लाने हात वर केला. "हे नाही कळलं," तो म्हणाला. "परत सांग."