रानपिंगळ्याचं दर्शन

मेळघाटात सहली नेणाऱ्यांनी हल्ली ‘दर्शन’ हा शब्द धरला आहे. वाघाचं दर्शन, अस्वलाचं दर्शन. देवळात निदान देवाला ओढून बाहेर आणत नाहीत.

प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि अमरावतीत घरी बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा बरं, म्हणून एका सहल कंपनीचा ‘स्थानिक तज्ज्ञ’ झालो. माझी एक पद्धत होती. गाडीतून उतरलं की फोन गाडीतच ठेवायचे आणि अर्धा तास न बोलता एका जागी बसायचं. काहीजण चक्क पेंगायचे. पण एखादी बाई हळूच म्हणायची, “सर, तिथे काहीतरी हललं,” आणि तिथे खरंच सरडा असायचा. वर्गात इतकी वर्षं घालवून मला तो आनंद कधी मिळाला नव्हता.

त्या हिवाळ्यात सेमाडोहच्या बाजूला सागाच्या एका ढोलीत रानपिंगळ्याच्या जोडीने घरटं केलं होतं. साळुंकीएवढं हे घुबड दिवसाढवळ्या शिकार करतं. एकेकाळी ते जगातून संपलं असंच सगळे धरून चालले होते. मादी आत अंड्यांवर बसलेली होती. ती जागची हलत नाही. नर काही घेऊन आला तरच ती जेवते. झाड गाडीवाटेवरूनच दिसायचं, तरी मी लांब थांबायचो आणि लोकांनाही थांबवायचो.

मग कंपनीने एका सहलीबरोबर पुण्याहून मोठे पक्षितज्ज्ञ पाठवले. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. माणूस विद्वान, त्यात खोट काढायला जागा नाही. वाटेत ते बोलत होते तेव्हा मीही कान देऊन ऐकत होतो. ते अडाणी असते तर मला एवढं लागलं नसतं.

झाडापासून नेहमीच्या अंतरावर आम्ही बसलो. थोड्याच वेळात डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि खिशातून छोटा स्पीकर काढून नराचा आवाज लावला.

मी कुजबुजलो, “सर, आत घरटं आहे.”

“माहीत आहे. म्हणूनच तर येईल,” ते म्हणाले.

आला. चोचीत पाल होती. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून त्याने ती पाल टाकून दिली आणि समोरच्या फांदीवर बसून जीव तोडून ओरडायला लागला. कॅमेरे सुरू झाले. एक ताई म्हणाल्या, “अय्या, आपलं स्वागत करतोय!” डॉक्टरांनी त्यांना तो का चिडलाय ते फार सुरेख समजावून सांगितलं. आणि समजावून झाल्यावर पुन्हा बटण दाबलं.

मी त्यांचा हात धरला. “बंद करा ते! त्याची बायको आत उपाशी बसून राहिली, कळते का तुमाले?”

लोक हसले. माझ्या वऱ्हाडी बोलण्याला हसले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “सर जरा हळवे आहेत.” परतीच्या वाटेत मी परतवाड्यालाच गाडीतून उतरलो आणि एसटीने घरी आलो.

बायको म्हणाली, “तुमाले काय वाटलं, लोक तिथं चूप बसाले येतात?”

त्यानंतर मी सहलींना गेलो नाही, पण दर सहलीला तो स्पीकर वाजत राहिला, असं गाडीवाले सांगायचे. थंडी सरता सरता मी एकटा जाऊन आलो, तेव्हा त्या ढोलीत पोपटांनी बस्तान मांडलं होतं. आता, घरट्यात साप शिरला असेल, मुंगूस शिरलं असेल. पुरावा कुठे आहे, असं डॉक्टर विचारतील, आणि शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे. मला त्या बरोबर असण्याची किळस येते.

कंपनीने नवं माहितीपत्रक छापलं. वर तोच नर, चोच वासलेला, खाली ‘मेळघाट तुमच्या स्वागताला सज्ज’. पाठोपाठ त्यांच्या माणसाचा फोन आला. मोठ्या गोडीने म्हणाला, “सर, झालं गेलं सोडा. त्या झाडावर तर आता काही उरलं नाही. दुसरी जोडी तुम्हाला माहीत असेलच ना?”

माहीत होती.

“नाई, मले नाई माहीत,” म्हणून मी फोन ठेवला.

माझी स्कूटर जंगलाच्या वाटेला लागली की आता कंपनीची एखादी गाडी हमखास मागे येते. म्हणून मी परतवाड्यात चहा पितो आणि तिथूनच परत फिरतो. ती दुसरी जोडी अजून आहे की नाही, मला खरंच माहीत नाही.