गुणाजीने न पुसलेली रायफल

मरोळच्या एका कारखान्यात गुणाजी परब वॉचमन होता. बासष्टच्या लढाईत बर्फात उभा राहिलेला माणूस, म्हणून कामगार त्याला मान द्यायचे. जेवणाच्या सुट्टीत कुणी ना कुणी विषय काढायचंच. मग गुणाजी सांगायचा, "थ्री-नॉट-थ्री रायफल, जुनीपुराणी. ऐन वेळी उडालीच नाही. म्हणून माझा जोडीदार खंडू गेला."

त्र्याऐंशी साली भीमराज नावाचा नवा सुपरवायझर आला. वीस वर्षं पलटणीत रायफली दुरुस्त केलेला. गुणाजीची गोष्ट ऐकून त्याने डबा झाकत विचारलं, "थंडीत तेल गोठतं आणि गोळी उडत नाही. म्हणून आतला बोल्ट कोरडा पुसायचा हुकूम असतो. पुसला होतास?"

"पुसला होता ना," गुणाजी सगळ्यांसमोर म्हणाला. त्याचे कान तापले. भीमराजने नुसती मान दुसरीकडे वळवली. तेच गुणाजीला लागलं.

त्याने पुसला नव्हता. लढाईच्या आदल्या संध्याकाळी हवालदाराने रायफली पुसायला चिंध्या वाटल्या, तेव्हा बोटं बधिर झाली होती. गुणाजीने आपली चिंधी उबेसाठी हातमोज्यात कोंबली आणि "झालं साहेब" म्हणून मोकळा झाला. सकाळी खंडू गोळ्यांची पेटी आणायला दगडाआडून धावला. समोरच्यांना रोखून धरायचं काम गुणाजीचं. त्याने घोडा दाबला. आत काहीतरी मऊसं हललं, बस. बोल्ट ओढून पुन्हा दाबला, पुन्हा तेच. शेजारच्यांच्या तसल्याच जुन्या रायफली धडाधड उडत होत्या.

रविवारी तो दहिसरला खंडूच्या बायकोकडे गेला. "जुनी बंदूक हातात देऊन माणूस मारला," असं म्हणत सुगंधा दरवर्षी सैनिकांच्या सत्काराचं बोलावणं परत पाठवायची. तिला हे गुणाजीनेच सांगितलेलं.

"वहिनी, रायफल चांगली होती," तो दारातच म्हणाला. "मीच पुसली नव्हती."

तिने स्टोव्ह बंद केला. "हे कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्यापासून माहीत होतं."

"एकवीस वर्षं मी त्या लोखंडाला शिव्याशाप देते, आणि तुम्ही इथेच बसून चहा पीत ऐकता."

"बोटं चालत नव्हती, वहिनी. थंडी एवढी होती..."

"ह्यांना नव्हती थंडी? ह्यांनी पुसली होती?"

गुणाजीची मान खाली गेली. "हो. माझ्या शेजारीच बसून पुसली. मला म्हणाला पण, पूस रे."

सुगंधा दारापाशी आली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही आता जावा, भावोजी."

सोमवारी त्याने जेवणाच्या बाकावर सगळं सांगून टाकलं. दोघे-तिघे डबा अर्धा ठेवून उठले. भीमराज म्हणाला, "परवाच सांगायला पाहिजे होतंस." त्यानंतर कुणी त्याला लढाईबद्दल विचारलं नाही.

त्या वर्षी सुगंधा सत्काराला गेली, हे गुणाजीला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. दहिसरला जायची मात्र त्याची पुन्हा छाती झाली नाही.