आठ घरांच्या सामानात दहा
मी तेव्हा नळदुर्गला सरकारी ओव्हरसियर होतो. गावाबाहेर बेघर कुटुंबांसाठी दहा घरं बांधायची होती. दहाही जणांना जागा दाखवून झाल्या, आणि जिल्ह्याच्या कचेरीतून कागद आला. तालुक्यांचे आकडे बदलले होते. उमरग्याची घरं वाढली, आमची आठवर आली. कोणती दोन नावं खोडायची, ते मला ठरवायचं होतं. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

शेवटी मी कामावरच्या म्हाताऱ्या गवंड्याला सांगितलं, "चाचा, सामान आठच घरांचं मिळेल."

त्यांनी काठीनं मातीत रेघा ओढल्या. "दोन दोन घरं जोडून बांधू, साहेब. मधली भिंत एकच. दगड लई वाचतो. छपराला कमी पडलं तर लोक लाकडं आणतील."

आम्ही मोजमाप तीनदा तपासलं. नवा नकाशा घेऊन मी एसटीनं धाराशिवला गेलो. वरिष्ठांनी तो बराच वेळ पाहिला आणि सही केली.

पावसाळ्याआधी दहाही घरांत चुली पेटल्या. यादीत शेवटचं नाव असलेल्या विधवा बाईनं मला आत बोलावून चहा दिला. पलीकडून शेजारणीच्या जात्याची घरघर येत होती. मी विचारलं, "त्रास होतो का आवाजाचा?"

"न्हाय," ती म्हणाली, "सोबत वाटती."