जनूमामाच्या काठीवरचा बोंबील

"मामा गेला रे…" अर्नाळ्याहून मामीचा फोन आला तेव्हा फुलपाड्यातल्या आमच्या घरात पंखा फिरत होता, आणि शपथेवर सांगतो, तो जागच्या जागी थांबला. वीज गेली होती, असं बायको म्हणते. म्हणू दे.

जनूमामा अर्नाळ्यात शिंकला तर समोरच्या किल्ल्यातली कबुतरं उडायची. दर चैत्रात आमची मंडळी त्याच्यामागून वैतरणेची खाडी होडीने ओलांडून, किनाऱ्याकिनाऱ्याने डहाणूच्या देवीला पायी जायची. चैत्राचं ऊन असं, की वाळूत पापड भाजावा. आणि त्याच उन्हाच्या पोटात कधी वादळ दडलेलं असेल, नेम नाही. म्हणून मामा निशाणाच्या काठीला, फडक्याखाली, सुका बोंबील बांधायचा. हवेत ओल शिरली की बोंबील नरम पडतो. देवीच्या काठीला मासळी! माझी यमूआत्या दरवर्षी कपाळावर हात मारायची.

एका वर्षी आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. आत्या सगळ्यांच्या आधी होडीत जाऊन बसली, मागोमाग पाचसहा बायका. मामाने बोंबील चिमटीत धरला आणि त्याचा चेहराच उतरला.

"उतर यमूबाय. पानी खवळनार हाय."

"मोबाइलवर ऊन दाखवतंय. तुझ्या बोंबलाला काय कळतंय?"

"मोबाइल कधी दर्यात पोहलाय? उतर!"

आत्या हलेना. नाखवा दोर सोडायला वाकला. मामा तसाच कंबरभर पाण्यात शिरला आणि होडीचा दोर स्वतःच्या कमरेला गुंडाळून उभा राहिला. "जा आता. मला ओढत न्या."

शेवटी आत्या पुटपुटत उतरली, तिच्यामागून बाकीच्या आणि नाखवाही. मामा दोर सोडून काठावर येतो न येतो, तोच वारा फिरला. रिकामी होडी माडाएवढी उडाली. माड बुटका धरा हवं तर, पण उडाली, आणि पालथी पडली. आत्याने पदराने बोंबलावरचं पाणी टिपलं.

यंदा मामाच्या तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत चैत्र लागला. मामीने काठी माझ्या हातात दिली. धक्क्यावर आलो, आभाळ पुन्हा तसंच लख्ख, मंडळी होडीत बसलेली. बोंबील चिमटीत धरला. नरम लागला… पण बोटं माझीच घामेजलेली. सदऱ्याला पुसली, पुन्हा धरला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मामाचा आवाज आणू कुठून? माझा कसाबसा फुटला.

"थांबूया."

सगळ्यांच्या आधी यमूआत्या उतरली.