उभ्या विमानाचं सील

काउंटरवर ठेवलेलं सील ते आधी करंगळीत घालायचे, अंगठ्यानं गोल गोल फिरवायचे आणि मग नाकाशी नेऊन डोळे मिटून हुंगायचे. शेजारी उभी असलेली गिऱ्हाइकं हसायची. ते लक्ष द्यायचे नाहीत.

"रबर जित्तं पाह्यजे, ताई," म्हणायचे.

वडिलांच्या मागे जळगाव जामोदचं आमचं बेअरिंग आणि ऑइल सीलचं, म्हणजे तेल गळू नये म्हणून बसवायच्या रबरी कड्यांचं, दुकान मी चालवते. मापाची पट्टी न लावता नुसत्या बोटानं माप सांगणारा एखादा मिस्त्री तुम्हीही पाहिला असेल. हे काका तसे. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये तालुक्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण दर दोन-तीन महिन्यांनी ते जी सीलं न्यायचे, ती ट्रॅक्टरची नव्हती.

संग्रामपूरच्या रस्त्याला त्यांचं शेत. शेतात पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये एक विमान. दोन माणसं बसतील एवढंच. त्यांच्या धाकट्या भावानं ते सात वर्षं खपून स्वतःच्या हातानं बांधलं होतं. भाऊ फौजेत विमानांच्या वर्कशॉपात होता. परत आला तो हे खूळ घेऊनच. चाकं पोटात ओढून घ्यायला आणि ब्रेक लावायला तेलाचा दाब लागतो; चाकांसाठी तो आत बसून हातपंपानं द्यायचा. तेवढं काम त्यानं मोठ्या भावाकडे दिलं होतं.

विमान उडालं मात्र नाही. कापूस निघालेल्या रानात भावानं ते नुसतं जमिनीवर पळवून पाहिलं. एका चाकाचा ब्रेक लागला तो सुटलाच नाही. विमान गरकन फिरलं आणि बांधावर जाऊन आदळलं. भाऊ दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

काकांनी विमान पुन्हा उभं केलं. चेपलेला पत्रा सरळ केला, लोखंडी घोड्यांवर ते चढवून ठेवलं आणि त्याची सीलं बदलत राहिले. उभ्या मशिनचं सीलही वाळतं, तडकतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी कधी काही विचारलं नाही.

एकदा नमुन्याला म्हणून त्यांनी जुनं सील काउंटरवर ठेवलं. मी उचलून पाहिलं. ते वाळलेलं नव्हतं, घासलेलं होतं. आतली कड आरशासारखी गुळगुळीत झालेली. शेकडो वेळा त्यातून दांडा आत-बाहेर झाल्याशिवाय सील असं होत नाही.

"काका, हे कुठलं?"

"चाकं वर घेते त्या सिलिंडरचं."

"पण विमान तर उभंच आहे ना?"

"हाव, उभंच हाय," ते म्हणाले. "येता का पाह्याले?"

मी एका दुपारी गेले. उन्हाळा होता, पत्रा तापून कडकड वाजत होता. आत पांढरं विमान आणि गोडसर तेलाचा वास. चाकं खाली होती. पंपावरच्या, तेलाचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा हळूहळू चढत होता. मी दचकले, तसे ते हसले. "भेता काऊन? उन्हानं तेल फुगून राह्यलं. बंद नळीत जाईन कुठं?"

मग त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत एक काळं सील होतं, फुगून दीडपट झालेलं, हाताला मेणासारखं लागणारं. "त्या दिवशीचं हाय. ब्रेकमधलं."

मी ते ओळखलं. गाडीच्या ब्रेकचं रबर. विमानाच्या लाल तेलात घातलं की फुगणारच, आणि फुगलं की ब्रेक अडकणारच. माप तेच, रंग तोच. आमच्याच दुकानातलं. मीच दिलेलं.

मी ते परत पुडीत ठेवलं.

"तुमच्यावर दोष नाही हो ताई," ते म्हणाले. "तुम्ही मापाचं देलं. मी वास घ्याले पाह्यजे होता. रबर वासावरून कळते. मले घाई झाली होती."

आम्ही बाहेर आलो. त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. कडुनिंबाखाली काकूंनी चहा आणून दिला. वारा पडला होता, पान हलत नव्हतं. आणि शेडमधून आवाज यायला लागला. खट्. खट्. खट्. हातपंपाचा दांडा मागे-पुढे होतानाचा, मी जन्मभर ऐकलेला आवाज. काकू कप घेऊन घरात गेल्या. काका पुटपुटत मोजत होते. पस्तिसाला आवाज थांबला.

त्यांनी कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. चाकं विमानाच्या पोटात गेली होती.

मी दारातच थांबले. "कोण आहे, काका?"

"ज्याचं इमान, तो."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"त्याची कायची भीती? जाते न् येते. वापस आला का चाकं खाली दिसतात." ते चाकाच्या दांड्यावरचं तेल फडक्यानं पुसत होते. "या बारीनं सील धोका नाही देल्लं पाह्यजे. मले दुसरं काय येते?"

त्यानंतर ते आले की मी गाडीच्या ब्रेकचे खोके बंदच ठेवायची. लाल तेलात चालणारी सीलं मुंबईहून मागवायची आणि आपणही एकदा हुंगून पाहायची. आम्ही त्या दुपारबद्दल पुन्हा बोललो नाही. जाताना ते फक्त म्हणायचे, "मस्त चालू हाय."

गेल्या मे महिन्यात सकाळीच काकूंचा फोन आला. आवाज शांत होता. "ताई, तुम्ही या. ह्यायले खाली घ्याचं हाय, अन् चाकं कोनाले उतरवता येत नाहीत."

काका विमानात बसलेले होते. पट्टा बांधलेला, मान मागे टेकलेली. डॉक्टर येऊन गेले होते. झोपेत जावं तसे गेले, म्हणाले. चाकं पोटात होती, त्यामुळे विमान घोड्यांवर डुगडुगत होतं, आणि चौघं भाऊबंद असून कोणी पंखावर पाय ठेवेना.

मी चढले. पंपाचा दांडा दोन खुर्च्यांच्या मधोमध होता, त्यांच्या मांडीला लागून. मी वाकून तो मागे-पुढे करायला लागले. सीलं चांगली होती, कुठे थेंब गळत नव्हता. चाकं बाहेर आली, जमिनीला टेकली, विमान स्थिर झालं. तेव्हा माणसं वर आली.

पट्टा सोडायला मी त्यांच्या छातीवर हात नेला आणि तसाच मागे घेतला. सदरा ओलाचिंब होता. बाहेर सकाळीच अंगाची लाही होत होती, पत्रा तापायला लागला होता. काकांचे केस मागे सपाट बसले होते आणि भुवयांवर बारीक बारीक दव होतं.

काकूंनी ते पाहिलं. पदराचं टोक घेऊन त्या पुढे झाल्या, आणि न पुसताच थांबल्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "वरतं थंडी असन."