भाड्याच्या घराचा पंचनामा

भाड्याचं घर बघण्याचा अधिकार या पृथ्वीतलावर एकाच माणसाला असावा, आणि तो माणूस म्हणजे आमच्या हिचे मामा, असं माझं ठाम मत आहे. बाकीचे लोक घर बघतात, मामा घराची झडती घेत. नांदेडला पोलिसात जमादार म्हणून उभी हयात गेलेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही निरपराध असं त्यांना कोणी दिसतच नसे, आणि घरमालक तर नाहीच नाही. घर बघायला जायचं ते भर दुपारी, पत्रे तापलेले असताना. आत शिरले की भिंतींवर टकटक करत, संडासात जाऊन कडी लावून घेत आणि आतूनच 'कडी लागती!' असं जाहीर करत. मालकाच्या आधी शेजारीण गाठून 'पहिलं बिऱ्हाड का गेलं वो?' हे काढून घेत. भिंतीला तडा दिसला, की चार शेजारी जमवून प्रत्येकाला त्यावर हात ठेवायला लावत आणि मालकाकडून सगळ्यांसमक्ष वदवून घेत, 'हाव, ह्यो आधीपासूनच हाय.' स्वतःचं कुलूप तर कायम पिशवीत. मालकाच्या कुलपाची एक किल्ली मालकाच्या बायकोकडे असतेच, हा त्यांचा सिद्धांत. एकदा कुलूप लावून बघण्याच्या नादात त्यांनी मालकालाच आत कोंडलं, आणि वर बाहेरून विचारलं, 'आत उजेड पडून राहिलाय का?'

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसानं पाठ फिरवली होती, त्या काळातली गोष्ट. माझी बदली नांदेडहून लातूरला झाली. गावात नव्या कचेऱ्या, नवे साहेब, आणि घरं मात्र जुनी तेवढीच. हिचे दिवस भरत आलेले. आम्ही एका सहकाऱ्याच्या खोलीत पथारी टाकली होती, पण त्याचं कुटुंब आठवड्यात परतणार होतं. बाळंतपणाआधी छप्पर मिळायलाच हवं होतं. म्हणून मामांना बोलावलं, आणि पहिल्याच दिवशी कपाळावर हात मारला.

कारण मामा दारात उभे राहून आधी खणखणीत 'जयभीम!' घालत. ओसरीवर झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून बसे. मग मालकाला अचानक आठवे, की जागा भाच्यासाठी ठेवलीय, त्याचीही बदली होऊन राहिलीय. त्या उन्हाळ्यात लातुरात जितके भाचे बदलून यायचे होते, तितकी अख्ख्या जिल्ह्यात सरकारी माणसं नव्हती.

शेवटी ही रडकुंडीला आली. "मामा, जरा हळू म्हणा की. घर मिळाल्यावर सांगू."

मामा तिच्यापुढे उकिडवे बसले. "बाई, सामान उतरल्यावर कळलं अन् ओल्या बाळंतिणीला बाहेर काढलं, तर मी तोंड कुठं लपवू? त्यापरीस दारातूनच माघारी गेलेलं बरं न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी हीसुद्धा आमच्याबरोबर घरं बघायला निघाली.

एका गल्लीत कापड दुकानदाराच्या विधवा आईचं घर होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज फाटका. जयभीम ऐकून म्हातारी म्हणाली, "ऐकलं. मी बहिरी न्हाई. दोन खोल्या हायती, बघा." मला वाटलं, सुटलो! पण मामांची नजर अंगणातल्या आडाकडे गेली. "आम्ही आड उपसून बघताव," म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता सदऱ्याच्या बाह्या सारून त्यांनी स्वतःच दोर आडात सोडला. दुष्काळात आड उपसायचा म्हणजे लोकाच्या ताटातली भाकरी मोजण्यासारखंच. मी घामाघूम झालो. शेजारणी भिंतीवरून बघू लागल्या. मामा पाणी शेंदत होते आणि म्हातारीच्या पिण्याच्या रांजणात ओतत होते. रांजण काठोकाठ भरला, आडात चिखल दिसू लागला, तेव्हा कुठे मामा थांबले. म्हातारीकडे बघत तसेच उभे राहिले, आणि मला तेव्हा कळलं, की ही झडती आडाची नव्हतीच.

म्हातारी उठली. रांजणात तांब्या बुडवून आधी स्वतः घटाघटा प्याली, मग तोच तांब्या भरून हिच्या हातात दिला. "बस माय, पी. अन् ह्या येड्याला आवरा. समदा आड कोरडा केला की वो! आता रातभर झरायचा तवा सकाळी पाणी."

मामांनी दोर गुंडाळून ठेवला. भिंतीला टकटक नाही, तड्यांची चौकशी नाही. आम्हाला म्हणाले, "सामान आणा."

सकाळी आडात पाणी आलं. थोडंच होतं, पण आलं.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुणी घर बदललं की मला त्यांची फार आठवण येते. मुलगी झाल्यावर ते नांदेडहून बघायला आले, तेव्हा अंगणात म्हातारी पाय पसरून बसली होती. पायांवर आमची पोर पालथी, आणि म्हातारी तिला न्हाऊ घालता घालता माझ्या बायकोला पाणी गार झाल्याबद्दल शिव्या घालत होती. मामा दारातच थबकले.

"आत या ना, मामा," मी म्हणालो.

"थांबा जावईबापू," ते म्हणाले, "पोरीचं न्हाऊन होऊ द्या." आणि पोरीचं अंग पुसून होईपर्यंत ते तसेच उन्हात उभे राहिले.