पिशवीतले चिंचोके

"चुकलं वाटतं," असं म्हणून आमच्या शेजारचे म्हातारे पागोटं काढत, टाळूवरून एकदा हात फिरवत आणि पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवत. चूक झाल्याचं एवढं समाधान तुम्ही दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नसेल. मामलेदार कचेरीत जन्मभर अव्वल कारकुनी केलेला हा माणूस. त्यांच्या हातच्या कागदात कधी एक काना इकडचा तिकडे झाला नाही, असं ठाण्यातले जुने लोक सांगत. पेन्शनीत निघाल्यावर मात्र त्यांनी चुकण्याचा सपाटाच लावला, आणि त्या चुकांचा साक्षीदार मी होतो.

मी त्यांच्या शेजारच्या घरात भाड्यानं राहत होतो. त्या साली माझी बायको बाळंतपणात गेली आणि मूलही तिच्यामागोमाग गेलं. सुतक संपल्यावर मी कचेरीत जाऊ लागलो. कागदांच्या नकला करायच्या, खाणावळीत जेवायचं, घरी येऊन दार लावून भिंतीकडे बघत बसायचं. लोक म्हणत, रडा, म्हणजे मोकळे व्हाल. पण रडायला आधी काहीतरी वाटावं लागतं. मला काहीच वाटत नव्हतं. आमटीत मीठ घालायचं राहिलं तरी मी वाटी संपवून उठत असे.

भिंतीपलीकडून खोकला ऐकू येई. तो त्यांच्या धाकट्या सुनेचा. नवरा तापानं गेला तेव्हा ती विशीचीही नव्हती. केशवपन झालेलं, अंगावर तांबडं आलवण. घराच्या मागच्या बाजूला बिनखिडकीची खोली होती, त्या खोलीचा कोपरा तिनं धरला होता. इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हिला रोज उन्हावाऱ्यात न्या, चालवा, नाहीतर पुढचा पावसाळा ही बघणार नाही. थोरला मुलगा म्हणाला, विधवेला गावातून फिरवायची कशी? सकाळी कामाला निघालेल्या माणसांना तिचं तोंड दिसलं तर लोक दारात येऊन भांडतील.

दुसऱ्या दिवशी म्हातारा अंघोळ करून शास्त्रीबुवांकडे गेला. सून पुढच्या जन्मी तरी सुखी व्हावी म्हणून तिच्याकडून पिंपळाच्या प्रदक्षिणांचं व्रत करवायचंय, असं त्यानं सांगितलं. देवाधर्माला सहसा हात न जोडणारा माणूस आपण होऊन आला म्हणून शास्त्रीबुवा खूष झाले. त्यांनी प्रदक्षिणांचा भला मोठा आकडा नेमून दिला. वर बजावलं, की मोजणीत संशय आला तर केलेलं सगळं फुकट, व्रत पुन्हा पहिल्यापासून. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि तो नियम दोनदा वदवून घेतला.

मग तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. हातात चिंचोक्यांची पिशवी आणि मातीचं मडकं.

"कारकून, उठा. एक प्रदक्षिणा झाली की एक चिंचोका पिशवीतून मडक्यात टाकायचा. पिशवी रिकामी झाली की व्रत पुरं."

मी म्हणालो, मला हे जमायचं नाही.

"इथे बसून भिंत बघता, तिथे बसून पिंपळ बघा. न जमण्यासारखं काय आहे त्यात?"

मी उठलो. नाही म्हणायला अंगात जोर लागतो, तोही माझ्यात नव्हता.

पिंपळ गावाबाहेर, खाडीच्या अंगाला होता. शेजारी एक लहानसं देऊळ, पलीकडे मिठागरं आणि त्यापलीकडे पारसिकचा डोंगर. रोज सकाळी, माझ्या कचेरीच्या वेळेआधी, आम्ही मागच्या बोळानं जायचो. पुढे म्हातारा, मधे पदर ओढून सून, मागे मडकं घेऊन मी. समोरून कुणी आलं की म्हातारा म्हणे, "आधी माझं तोंड बघा, म्हणजे तिचं बाधणार नाही." त्याचं तोंड बघून कुणाचा दिवस चांगला गेला असेल असं मला वाटत नाही, पण हरकत कुणी घेतली नाही. व्रताला नाव ठेवायची कुणाची छाती होती?

पहिले काही दिवस तिला चार फेऱ्या झाल्या की बसावं लागे. ती पाराच्या एका टोकाला खोकत बसे, दुसऱ्या टोकाला मी मडकं घेऊन बसे. आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. ऊन चढे, खाडीवरून वारा येई. तो वारा अंगाला लागतो आहे हेही मला कितीतरी दिवसांनी कळलं. त्या दिवशी परतताना मला भूक लागली होती. बाकी फरक म्हणाल तर फारसा नाही.

ती मात्र सुधारली. फेऱ्या वाढल्या, खोकला ओसरला. मिठागरावर कामाला जाणारी एक आगरी बाई रोज वाटेत थांबायची. एकदा ती म्हणाली, "आजोबा, पोरीच्या तोंडावर रंग आयलाय." म्हाताऱ्यानं पागोटं सावरलं आणि भलतीकडेच बघितलं.

पिशवी तळाला आली तेव्हा पहिली चूक झाली. मी चिंचोका उचलला, तोच म्हातारा जवळ येऊन विचारू लागला, "का हो कारकून, आज कचेरीत साहेब आहेत का?" मी सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत. कुठल्या गावी? कल्याणकडे. घोड्यावर गेले की रेल्वेनं? सगळं सांगून झालं तेव्हा माझा हात रिकामा होता, आणि चिंचोका मडक्यात पडला की खाली, हे मला काही सांगता येईना.

"चुकलं वाटतं," म्हातारा म्हणाला. पागोटं निघालं, टाळूवरून हात फिरला. मग त्यानं स्वतःच्या हातानं मडकं पिशवीत उपडं केलं.

मला वाटलं, म्हातारा बडबड्या आहे. पुढच्या खेपेला पिशवी तळाला आली आणि त्यानं पुन्हा साहेबांची चौकशी केली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परतताना मी त्याला विचारलं. सून ऐकणार नाही इतका हळू आवाज करून तो म्हणाला, "व्रत संपलं की त्या खोलीचं दार लागेल, कारकून. मी आहे तोवर ते संपत नाही."

असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला, भाद्रपदात, म्हाताऱ्याला ताप आला आणि चार दिवसांत तो गेला. मी खांदा दिला. चितेसमोर उभा राहिलो तेव्हाही मला काही वाटलं नाही. धूर डोळ्यांत गेला म्हणून तेवढे डोळे पुसले.

सुतक फिटल्यावर थोरला मुलगा पिशवी घेऊन आला. तळाशी मूठभर चिंचोके राहिले होते. तो म्हणाला, वडिलांनी घेतलेलं व्रत आहे, आज उरकून टाकू. त्याच्या मनात वाईट नव्हतं. घरातलं काम घरात संपावं, इतकंच त्याला हवं होतं.

तो देवळाच्या पायरीवर जांभया देत बसला. ती फेऱ्या घालू लागली. मी एकेक चिंचोका टाकत होतो. तिची चाल हळू होत गेली, पण चालणाऱ्याची फेरी कधीतरी पुरी होतेच. शेवटचे दोन राहिले. एक मी उचलला.

ती माझ्यासमोर येऊन थांबली. पदर पुढे ओढलेला, नजर जमिनीवर. आजवर मी तिचा खोकला ऐकला होता, शब्द कधी ऐकला नव्हता.

"आज कचेरीत," ती म्हणाली, "साहेब आहेत का?"

मी सांगू लागलो. साहेब दौऱ्यावर आहेत. कल्याणकडे गेलेत. रेल्वेनं गेले, घोडा आजारी आहे. घोड्याचं माझ्या मनचं होतं. बोलता बोलता माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बायको गेल्यापासून मी पहिल्यांदा रडत होतो, आणि तेही साहेबांच्या घोड्याबद्दल सांगताना.

थोरल्यानं पायरीवरून विचारलं, काय झालं?

"चुकलं वाटतं," मी म्हणालो. "टाकला की नाही, संशय आहे."

त्यानं कपाळाला हात लावला. पण नियम शास्त्रीबुवांचा होता. मी मडकं पिशवीत उपडं केलं आणि पहिला चिंचोका हातात घेतला. ती पिंपळाच्या पलीकडे, उन्हाच्या बाजूला वळली होती.